कोनी आयलंडची जुनी उद्यानं: कुंपण का घातलं, आत कोण गेलं आणि सगळं जळालं कसं?

सांजदिवा

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या जुन्या चित्रपोस्टकार्डांचं छोटं भिंतप्रदर्शन मांडायचं आहे. काळ साधारण १८९५ ते १९११. सी लायन पार्क, स्टीपलचेस, लूना पार्क आणि ड्रीमलँड ही चार उद्यानं घेतली आहेत. प्रत्येक कार्डाखाली तीन-चार ओळी लिहायच्या आहेत, आणि "लोक इथे मजा करायला येत" एवढ्यावर त्या थांबू नयेत. जाणकारांकडून नेमकं हवं आहे:

१. किनारा, हॉटेलं, पाळणे आधीपासून होतेच. मग १८९५ पासून सुरुवात का मानतात? कुंपणाने असं काय बदललं?

२. कारखान्यात काम करणाऱ्या मुलीला तिथला एक रविवार केवढ्याला पडे?

३. स्टीपलचेसचे लाकडी घोडे कशाच्या जोरावर धावत? जड स्वार जिंकतो हे खरं का?

४. ही उद्यानं इतक्या वेळा का जळाली?

५. लूना पार्कमध्ये एडिसनने हत्तीण विजेने मारली असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते कार्डाखाली लिहावं का?

कारणं कळली तर जास्त बरं. नुसत्या सनावळ्या माझ्याकडे आहेत.

उंबरठा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर यंत्रांत शोधू नका, फाटकात शोधा.

यंत्रं आधीच आली होती. ला मार्कस थॉम्पसनने १८८४ मध्ये तिथे स्विचबॅक रेल्वे उभारली. भाडं ५ सेंट, लांबी ६०० फूट, वेग ताशी सहा मैल. लोक बाकावर कडेला तोंड करून बसत. दुसऱ्या टोकाला पोचलं की सगळ्यांनी उतरायचं, नोकरांनी गाडी ढकलत दुसऱ्या मचाणावर चढवायची आणि लोकांनी पुन्हा बसून परत यायचं. जॉर्ज टिल्यूने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात फेरिसचा आकाशपाळणा पाहिला. तो विकत मिळेना, म्हणून त्याने १२५ फुटांचा लहान पाळणा बनवून घेतला आणि १८९४ मध्ये किनाऱ्यावर लावला. पण हे सगळं उघड्यावर होतं. पाळण्याशेजारी गुत्ता, गुत्त्याशेजारी जुगार, त्याशेजारी तीन पत्त्यांवर पैसे उकळणारे. कोणीही कुठूनही यावं आणि कुठेही जावं.

शिवाय किनारा वर्गांनुसार वाटला गेला होता, आणि हे कार्डाखाली जरूर यावं. पूर्वेच्या टोकाला मॅनहॅटन बीचची श्रीमंती हॉटेलं. तिथल्या ऑस्टिन कॉर्बिनने १८७९ मध्ये ज्यू पाहुणे नकोत असं जाहीरपणे सांगितलं होतं. मध्ये ब्रायटन बीच, मध्यमवर्गाचा. त्याच्या पश्चिमेला वेस्ट ब्रायटन, म्हणजे सामान्य गर्दीचा भाग, जिथे पुढे ही उद्यानं उभी राहिली. या भागावर ग्रेव्हसेंडच्या जॉन मॅकेनची सत्ता होती. तो पोलिसांचाही प्रमुख होता, आणि धंद्यांकडून पैसे घेऊन बाकीच्याकडे डोळेझाक चाले. निवडणुकीतल्या गैरप्रकारांबद्दल १८९४ मध्ये तो सिंग सिंगच्या तुरुंगात गेला. आता "इथे कुटुंबाला सुरक्षित आणता येईल" असं कोणीतरी दाखवून देण्याची जागा रिकामी झाली.

ती पॉल बॉयटनने घेतली. रबरी पोशाखात तरंगत १८७५ मध्ये इंग्लिश खाडी पार करणारा हाच बॉयटन. १८९५ मध्ये त्याने सी लायन पार्कच्या जागेला कुंपण घालून दारावर पैसे घेतले, आत समुद्रसिंहांचे खेळ ठेवले आणि उतारावरून तळ्यात घसरणाऱ्या सपाट बुडाच्या होड्या सोडल्या. कुंपणाचे तीन परिणाम झाले. पहिला, पाकीटमार आणि झोकांड्या खाणारा दारुडा दारावरच अडवता येऊ लागला. दुसरा, दार ओलांडलेला माणूस तासन्‌तास आत राहू लागला, त्यामुळे एकाच मालकाला एका खेळाचा तोटा दुसऱ्यात भरून काढता आला. तिसरा परिणाम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. एकट्या बाईला "मी बागेत गेले होते" असं घरी सांगता येऊ लागलं. "कोनीला गेले होते" या वाक्याला तोवर वेगळाच वास होता.

टिल्यूने हे पाहिलं आणि १८९७ मध्ये स्टीपलचेस पार्क कुंपणासकट उघडलं. बॉयटनचं मात्र १९०२ च्या पावसाळी हंगामात कंबरडं मोडलं. जागा फ्रेडरिक थॉम्पसन आणि एल्मर डंडी यांनी भाड्याने घेतली आणि तिथेच १६ मे १९०३ ला लूना पार्क उघडलं. हा थॉम्पसन वेगळा, स्विचबॅकवाल्याशी त्याचं नातं नाही. दोन कार्डांत दोन थॉम्पसन येतील, गोंधळ होऊ देऊ नका.

कडीकोयंडा

दुसऱ्या प्रश्नाला हिशेबच मांडून दाखवतो.

१९०५ च्या सुमारास शिवणकामाच्या किंवा कागदी खोकी बनवण्याच्या कारखान्यातल्या तरुण मुलीला आठवड्याला पाच-सहा डॉलर मिळत. आठवडा सहा दिवसांचा. म्हणजे दिवसाची कमाई एक डॉलरच्या आसपास, तीही हंगामात काम असेल तर.

आता रविवार घ्या. गाडीभाडं जाताना १० आणि येताना १० सेंट. लूनाच्या दारावर १० सेंट. समुद्रात उतरायचं तर कपडे बदलायची खोली आणि भाड्याचा पोहण्याचा पोशाख, साधारण २५ सेंट. फेल्टमन या तिथल्या खाणावळीत पावातला सॉसेज १० सेंट. आत दोन खेळ, प्रत्येकी १० सेंट धरा. बेरीज ८५ सेंट. एका दिवसाच्या कमाईत जेमतेम बसणारी.

पण ही कमाई तिच्या हातात राहत नसे. स्थलांतरित कुटुंबांत मुलगी पगाराचं पाकीट न फोडता आईच्या हाती देई आणि आई तिला त्यातून थोडे पैसे परत देई. भाऊ बहुतेक वेळा आपल्या पगारातला वाटा स्वतःकडे ठेवी. त्यामुळे मुली एकत्र निघत, गाडीभाडं आणि फाटकाचे पैसे स्वतःचे भरत, आणि आत गेल्यावर पुढचे खेळ, खाणं, नाच यांचे पैसे कोणी तरुण भरे. याला तेव्हा "ट्रीट" म्हणत. बदल्यात गप्पा, नाच, कधी त्यापुढचंही काही अपेक्षित असे. कुठवर जायचं हे मुली आपसांत ठरवत, आणि टोळक्याने येणं हेच त्यांचं संरक्षण होतं. कार्डावर चार मुली हातात हात घालून चाललेल्या दिसल्या तर त्यामागे हा हिशेब आहे.

म्हणून "दहा सेंटांत स्वप्ननगरी" एवढंच लिहू नका. दहा सेंट फक्त दाराचे होते. आतला प्रत्येक खेळ वेगळ्या पैशांचा. स्टीपलचेसची रीत निराळी होती. २५ सेंटांचं एकत्र तिकीट काढलं की आतले खेळ त्यात येत आणि प्रत्येक खेळाला त्यावर भोक पाडलं जाई. गरिबाला हे दुसरं तिकीट जास्त सोयीचं, कारण घरून निघतानाच खर्च ठरलेला असे.

रूळवाट

गाडीभाड्याच्या दहा सेंटांवर थोडी भर, कारण त्यावरून मारामाऱ्या झाल्या आहेत.

ब्रुकलिनमध्ये इतरत्र प्रवास ५ सेंटांत होई, पण कोनीला जाताना ब्रुकलिन रॅपिड ट्रान्झिट ही रेल्वे कंपनी वाटेत दुसरं नाणं मागे. १९०६ मध्ये न्यायाधीश विल्यम गेनर यांनी हे दुहेरी भाडं बेकायदा असल्याचा निर्णय दिला. त्या ऑगस्टमध्ये प्रवाशांनी दुसरं नाणं द्यायचं नाकारलं आणि कंपनीच्या माणसांनी बायकामुलांसकट लोकांना गाडीबाहेर ओढून काढलं. भाडं तरीही दहाच राहिलं. थेट पाच सेंटांत शहरातून समुद्रापर्यंत जाता आलं ते १९२० मध्ये, भुयारी रेल्वेचं जाळं स्टिलवेल अॅव्हेन्यूच्या स्थानकाशी जोडलं गेल्यावर. कडक उन्हाच्या रविवारी दहा लाख माणसं किनाऱ्यावर असण्याचे दिवस त्यानंतरचे. तुमच्या १८९५ ते १९११ च्या कार्डांखाली "दहा लाखांची गर्दी" लिहिलंत तर ते चूक ठरेल.

आता घोडे.

लाकडी घोडे, प्रत्येकावर दुहेरी खोगीर, प्रत्येकाला स्वतःचा लोखंडी रूळ. कल्पना इंग्लंडमधली, टिल्यूने तिचे हक्क घेतले. सुरुवातीला घोडे यंत्राने चढावर ओढले जात आणि तिथून सगळे एकदम सुटत. पुढे इंजीन नाही, मोटर नाही, फक्त उतार आणि चढउतार.

जड स्वार जिंकतो हे खरं. शाळेत शिकवतात की सगळं सारख्याच वेगाने खाली पडतं, मग असं का? कारण दोन स्वार एकामागे एक बसले की वजन दुप्पट होतं, पण समोरून हवेला अडवणारा आकार जवळपास तेवढाच राहतो. हवेचा अडथळा आकारावर ठरतो आणि तो ओलांडायला लागणारा जोर वजनातून मिळतो. चाकांच्या आसांमधलं काही घर्षणही वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. लांब धावेत हा फरक साठत जातो. म्हणून जिंकायचं असेल तर एकट्याने न बसता कोणाला तरी सोबत घेणं फायद्याचं. टिल्यूच्या यंत्रातली सामाजिक युक्ती हीच. नुकतीच ओळख झालेल्या दोघांनी एका घोड्यावर चिकटून बसायला पदार्थविज्ञानाचंच निमित्त मिळालं.

घोड्यावरून उतरल्यावर बाहेरची वाट एका छोट्या रंगमंचावरून जाई, आणि हे कळायला स्वाराला उशीर होई. जमिनीतल्या भोकांतून हवेचा झोत येऊन बाईचा घागरा आणि पुरुषाची टोपी उडे, विदूषक विजेच्या काठीने पुरुषांना चटका देई. समोर बाकांवर बसून हसणारे प्रेक्षक म्हणजे थोड्या वेळापूर्वी त्याच वाटेने आलेले लोक. चटका खाल्लेला माणूस लगेच बाकावर जाऊन बसे आणि पुढच्याची वाट पाही. हा खेळ चालवायला पगारी कलाकार जवळजवळ लागतच नसत.

मानवी रूलेट चाकाचंही तसंच. गुळगुळीत लाकडी तबकडी, त्यावर बसायचं, ती फिरू लागली की कडेचे आधी फेकले जातात. कपडे आणि लाकूड यांचा घर्षणांक ०.३ धरला तर केंद्रापासून एक मीटरवरचा माणूस मिनिटाला साधारण १६ फेऱ्यांना सुटतो, पाव मीटरवरचा ३३ ला. म्हणून सगळे मध्यभागासाठी झटत आणि एकमेकांना धरून ठेवत. अनोळखी माणसाला धरायचं नाही हा शहरातला नियम इथे यंत्रच मोडून देई.

जाता जाता फ्लिप फ्लॅपबद्दल, कारण सी लायन पार्कच्या कार्डांवर तो उलटा फेरा हमखास दिसतो. २५ फूट व्यासाचा पूर्ण गोल फेरा. माथ्यावर गाडी रुळाला टेकून राहायला हवी तर तळाशी वेग ताशी जवळपास ४९ किलोमीटर लागतो आणि तळाशी शरीरावर निदान सहापट भार येतो. ही सहापट व्यासावर अवलंबून नाही. व्यास लहान असला की भार फार थोड्या वेळात येतो, आणि सरळ रुळावरून एकदम गोलात शिरताना तो आणखी हिसक्याने येतो. माना लचकत त्या यामुळे. १९०१ च्या लूप द लूपमध्ये फेरा अंडाकृती केला, म्हणजे वळण हळूहळू घट्ट होतं. शरीराचा त्रास कमी झाला, पण गाडीत माणसं चारच. तासाला मोजकी तिकिटं विकली जात आणि बघे मात्र शेकड्यांनी. माणसं कमी वाहणारा खेळ कितीही गाजला तरी जमिनीचं भाडं भरू शकत नाही.

चुनागारा

चौथा प्रश्न माझ्या आवडीचा. आगीचं मूळ बांधणीत होतं.

लूना आणि ड्रीमलँडचे मनोरे, कमानी, घुमट दगडी दिसतात. ते "स्टाफ" नावाच्या मालाचे होते. प्लास्टर ऑफ पॅरिस, त्यात ताग किंवा अंबाडीसारखे तंतू, बांधून धरायला थोडं ग्लिसरीन किंवा डेक्स्ट्रिन, आणि पाणी. साच्यात ओतायचं, कवच निघालं की ते लाकडी सांगाड्यावर खिळ्यांनी ठोकायचं. शिकागोच्या १८९३ च्या प्रदर्शनात हाच माल वापरला होता. स्वस्त, झटपट, कसलाही आकार घेणारा. म्हणूनच लूना पार्क एका हिवाळ्यात उभं राहू शकलं.

प्लास्टर स्वतः जळत नाही, त्यामुळे लोकांना सुरक्षित वाटे. घोटाळा त्यामागे. कवच आणि सांगाडा यांच्यामध्ये पोकळी राहते आणि मनोरा उंच असला की ती पोकळी धुराड्यासारखी ज्वाळा वर ओढते. समुद्राच्या दमट हवेत कवचाला तडे जातात, दर वसंतात ते बुजवून वर तेलरंगाचा आणखी एक थर बसतो. चार-पाच हंगामांनी थरांवर थर झालेला रंगच जळणाचं काम करतो. त्यात इमारती एकमेकींना चिकटून आणि समुद्राचा वारा सतत.

तीन तारखा लक्षात ठेवा. २८ जुलै १९०७ ला स्टीपलचेस जळालं. दुसऱ्याच दिवशी टिल्यूने धुमसते अवशेष पाहायचे दहा सेंट लावले. पण त्याने धडाही घेतला. नवं पॅव्हेलियन ऑफ फन पोलाद आणि काचेचं बांधलं, सुमारे पाच एकरांवर छत. आगीला दाद कमी आणि पावसातही धंदा चालू. बॉयटनला पावसाने बुडवलं होतं हे तो विसरला नव्हता.

२७ मे १९११ ला ड्रीमलँड गेलं. हंगाम उघडायच्या पहाटे. हेल गेट या खेळात होड्या पाण्याच्या भोवऱ्यातून "नरकात" उतरत. हिवाळाभर कोरडं पडलेलं लाकूड आकसतं आणि वसंतात पाणी भरलं की सांधे गळतात, म्हणून कामगार गरम डांबराने सांधे भरत होते. दिवे फुटले, अंधारात डांबराची बादली लवंडली आणि आग लागली. सकाळपर्यंत ३७५ फुटी मनोऱ्यासकट सगळं संपलं. माणूस एकही दगावला नाही, प्राणी मात्र बरेच गेले. उद्यान पुन्हा बांधलं नाही. त्या जागेवर १९५७ पासून न्यूयॉर्कचं मत्स्यालय आहे. लूना पार्क १९४४ च्या आगीनंतर बंद पडलं, ते तुमच्या काळाबाहेर.

आता एक गोष्ट जी कार्डाखाली यायलाच हवी. लूनात "फायर अँड फ्लेम्स" आणि ड्रीमलँडमध्ये "फायटिंग द फ्लेम्स" असे खेळ होते. शहरातल्या चाळवजा इमारतीची प्रतिकृती पेटवायची, खिडक्यांतून माणसं ओरडत उड्या मारायची, खाली बंबवाले जाळी धरून उभे. बघणारे लोक रोज तशाच इमारतींत झोपायला जाणारे. २५ मार्च १९११ ला मॅनहॅटनमध्ये ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागून १४६ कामगार मेले, बहुतेक तरुण स्थलांतरित मुली, अनेकींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या आणि जाळ्या फाटल्या. त्यानंतर दोनच महिन्यांनी ड्रीमलँड जळालं. कडीकोयंडा यांनी ज्यांचा हिशेब मांडला त्याच या मुली. आगीच्या खेळाचं कार्ड तुमच्याकडे असेल तर त्याखाली ट्रँगलची तारीख लिहा.

पानगळ

वर सगळे "कोण आत गेलं" यावर बोलले, कोणाला आत वेगळी वागणूक मिळाली हे राहिलं.

उद्यानांतली मोकळीक गोऱ्यांसाठी होती. आयरिश, ज्यू, इटालियन, जर्मन यांनी तिथे एकमेकांना धक्के मारत "आपण सगळे अमेरिकन" असं अनुभवलं, हे खरं. पण काळ्या लोकांना अनेक स्नानगृहांत प्रवेश नव्हता. आणि चेंडूफेकीच्या एका खेळात कापडाच्या भोकातून डोकं बाहेर काढून उभा असलेला काळा माणूस हाच नेम असे. नेम लागला तर बक्षीस सिगार. चेंडू खरा, डोकंही खरं. अशी कार्डं सापडतात. लावायची असतील तर त्याखाली काय चाललं आहे ते सरळ शब्दांत लिहा, खेळाचं जुनं नाव तेवढं लिहून सोडू नका.

१९०५ मध्ये लूनात फिलिपाइन्समधल्या बोन्तोक इगोरोत लोकांना "खेडं" करून बसवलं होतं. त्यांना आणणारा ट्रूमन हंट त्यांच्याकडून प्रेक्षकांसाठी वारंवार कुत्र्याच्या मांसाची मेजवानी करवून घेई, जी त्यांच्याकडे मोजक्या प्रसंगी होणारी गोष्ट. त्यांची मजुरीही त्याने दाबली आणि पुढे त्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. ड्रीमलँडच्या लिलिपुशियात सुमारे ३०० बुटक्या माणसांची वस्ती होती, न्यूरेंबर्गच्या धर्तीवर अर्ध्या मापाची घरं आणि स्वतःचं अग्निशमन दल. त्यांनी तिथे संसार मांडले, पण राहत्या घरात डोकावायचे पैसे दुसऱ्याने घेतले.

याच जत्रेत एक गोष्ट वेगळी. मार्टिन कूनीचं इन्क्युबेटरमधल्या बाळांचं दालन, लूनात १९०३ पासून आणि ड्रीमलँडमध्येही १९०४ ते १९११. बॉयलरचं गरम पाणी नळीतून पेटीखाली फिरे, थर्मोस्टॅट उष्णता राखे, बाहेरची हवा गाळून आत येई आणि वरच्या धुराड्यातून निघून जाई. पण पेट्यांपेक्षा महत्त्वाच्या होत्या दाया आणि परिचारिका. अंगावर पाजणाऱ्या बायका तिथेच राहत आणि त्यांच्या खाण्यावर कूनीची कडक नजर असे. आईबापांकडून एक सेंटही घेतला जात नसे, सगळा खर्च प्रेक्षकांच्या तिकिटांतून. त्या काळी बहुतेक रुग्णालयं अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी असं काही करत नव्हती. कूनीजवळ वैद्यकीय पदवी असल्याचा पुरावा सापडलेला नाही. त्याच्या आयुष्यभराच्या प्रदर्शनांचे आकडे सुमारे ८००० बाळं आणि त्यांतली ६५०० वाचली असे सांगितले जातात. ड्रीमलँडच्या आगीतून तिथली सगळी बाळं बाहेर काढली गेली. दालन १९४३ पर्यंत चाललं.

माणसांना पाहण्यासाठी पैसे घेणं ही एकच रीत, आणि तिच्यातून इगोरोत लोकांचं शोषणही झालं, बाळंही जगली. दोन्ही कार्डं शेजारी लावा.

रूळवाट

हत्तिणीचं राहिलं. घटना खरी, एडिसनचा सहभाग नाही. ४ जानेवारी १९०३, लूना अजून बांधलं जात होतं. टॉप्सी नावाच्या हत्तिणीला मारायचं मालकांनी ठरवलं आणि त्याचा तमाशा करून जाहिरात साधायचा त्यांचा बेत होता. फाशी द्यायची होती, प्राणिदया संस्थेने हरकत घेतली. शेवटी विष घातलेली गाजरं, ६६०० व्होल्टची वीज आणि वाफेच्या यंत्राने आवळलेला दोर असं तिन्ही वापरलं. वीज जोडणारे लोक ब्रुकलिनच्या एडिसन नावाच्या वीज कंपनीचे आणि चित्रण करणारी एडिसनची चित्रपट कंपनी, म्हणून नाव चिकटलं. प्रत्यावर्ती वीज घातक असल्याचं दाखवायला एडिसनने हे केलं अशी कथा सांगतात, पण एकदिश वीज की प्रत्यावर्ती ही लढाई दहा वर्षांपूर्वीच संपली होती आणि एडिसन वीजपुरवठ्याच्या धंद्यात राहिला नव्हता. कार्डाखाली "लूना पार्कच्या मालकांनी" असं लिहा. जबाबदारी त्यांची.

सांजदिवा

सगळ्यांचे मनापासून आभार. माझी निम्मी टिपणं आता बदलावी लागतील. शेवटचं एक: बऱ्याच कार्डांवर सन नाही आणि उद्यानाचं नावही नाही. ओळखायचं कसं?

चुनागारा

आधी मागची बाजू पाहा. अमेरिकेत १ मार्च १९०७ च्या आधी पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायची परवानगी नव्हती. मागे मधोमध रेघ असेल तर कार्ड त्यानंतर छापलेलं. चित्र मात्र जुनं असू शकतं, कारण तेच ठसे वर्षानुवर्षं वापरले जात. डाकेचा शिक्का फक्त एवढंच सांगतो की चित्र त्या तारखेच्या आधीचं आहे.

मग इमारती. एकच उंच पांढरा चौकोनी मनोरा आणि सगळीकडे पांढरा रंग: ड्रीमलँड, १९०४ ते १९११. दारावर पंख पसरलेली भव्य स्त्रीमूर्ती असेल तर तेही ड्रीमलँड, १९०५ पासून. चंद्रकोरी, मोठं हृदय आणि मनोऱ्यांची दाटी: लूना. दात विचकून हसणारा चेहरा: स्टीपलचेस. काचेचा प्रचंड मांडव असेल तर १९०७ च्या आगीनंतरचं. किनाऱ्यालगतचा रुंद लाकडी फिरायचा रस्ता, म्हणजे बोर्डवॉक, दिसला तर १९२३ नंतरचं, वंडर व्हील हा मोठा आकाशपाळणा दिसला तर १९२० नंतरचं, छत्रीसारखा उंच पॅराशूटचा मनोरा दिसला तर १९४१ नंतरचं. ही तीन कार्डं तुमच्या काळात बसत नाहीत, बाजूला काढा.

रंगांवर विसंबू नका. फोटो काळेपांढरे असत आणि रंग छापखान्यात भरले जात, अनेकदा जर्मनीत, जागा न पाहिलेल्या कारागिरांकडून. रात्रीच्या दृश्यांत तर दिवसाच्या फोटोवर आकाश काळं करून दिवे टिपके देऊन काढलेले असतात. ओळखायची खूण सावल्या: रात्रीच्या चित्रात माणसांच्या पायाशी उन्हाच्या सावल्या एकाच दिशेला पडलेल्या दिसल्या की समजा. तरी असं कार्ड टाकून देऊ नका. लूनात उघडतानाच अडीच लाख दिवे होते आणि बघायला येणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरी अजून गॅस किंवा रॉकेल जळत होतं. ते टिपके काढणाऱ्याला नेमकं काय विकायचं आहे हे ठाऊक होतं.